वाचक विचारतात : तोंडचा ट्रम्पेट आणि एक गिटार

प्रश्न : आमच्याकडे शेतीची लाईन बरेचदा रात्रीच येते. संत्र्याला पाणी देताना मोबाईलवर गाणी लावतो. पुतण्याने मिल्स ब्रदर्सचं 1931 सालचं ‘टायगर रॅग’ टाकून दिलं. त्यात लग्नाच्या बँडसारखा ट्रम्पेट वाजतो, खालून भोंग्यासारखं जाडं काहीतरी चालतं. पुतण्या म्हणतो, गिटारीशिवाय यात एकही वाद्य नाही. फिरकी घेतो का माझी? अन् शब्द कळत नसताना असं गाणं ऐकायचं कसं?
– एक संत्रा बागाईतदार, ता. वरूड

उत्तर : फिरकी नाही भाऊ, पोरगं खरं सांगते. तेव्हाही लोकांना पटत नसे, म्हणून तबकडीच्या लेबलवरच छापलेलं असे की एका गिटारीशिवाय यात कुठलंही वाद्य नाही.

हे चौघे सख्खे भाऊ, अमेरिकेतल्या ओहायोमधल्या पिक्वा गावचे. वडिलांचं केस कापायचं दुकान. थोरला जॉन तोंडाने ट्यूबा, म्हणजे तुम्ही ऐकलेला तो जाड भोंगा, काढायचा, गिटारही त्याच्याच हातात. हॅरी आणि हर्बर्टकडे ट्रम्पेट, धाकट्या डोनाल्डकडे ट्राँबोन, म्हणजे नळी मागे-पुढे सरकवून वाजवायचं पितळी वाद्य. किस्सा असा सांगतात, की गावच्या स्पर्धेत ऐनवेळी हॅरीचा काझू सापडेना. काझू म्हणजे लहानपणी कंगव्याला पातळ कागद लावून आपण फूंफूं करायचो, त्याचाच भाऊ. मग त्याने तोंडावर ओंजळ धरली आणि तिच्यातून ट्रम्पेट काढला. धुऱ्यावरून गड्याला हाक मारताना तुम्ही हात धरता ना, तसाच. फक्त अर्धा मिटलेला.

शब्दांचं सोडा. ‘तो वाघ धरा’ यापलीकडे त्यात फारसं काही नाही. (आपल्याकडे एवढं म्हटलं तर वनखात्याची गाडी येईल.)

आता ऐकण्याचं. मी बावीस वर्षं भजनात पेटी वाजवली. आपल्याकडे दहा जण एका सुरात गातात. एखादा भलतीकडे गेला की बुवा डोळे वटारतो. इथे चौघं मुद्दाम चार सुरांवर असतात आणि पाऊल मात्र एकत्र टाकतात. चौघांना एकदम पकडायला गेलात तर हाती काही लागत नाही. म्हणून पहिल्यांदा नुसती गिटार ऐका. मात्रेला एक ठोका, आणि तारा वाजल्या की लगेच दाबलेल्या. तुकडोजी महाराजांच्या भजनातली खंजिरी आठवा. ती थांबली तर भजन बसेल, तसंच हे. गिटार कानात पक्की झाली की मग खालचा जॉन, मग एकेक वरचा.

पण मोटारीच्या घरघरीत सगळ्यात आधी गिटारच बुडते. मी एकदा आवाज वाढवायला फोन रिकाम्या गंजात ठेवला. आवाज वाढला, अन् गिटारीचा नुसता खणखणाट झाला. घरातून विचारणा आली, “गंजात उंदीर पडला का जी?” त्यापेक्षा साधे वायरवाले इअरफोन बरे.

1936 मध्ये थोरला जॉन वारला. गटातला खर्जही गेला आणि गिटारही. खर्जाला वडील स्वतः येऊन उभे राहिले. त्यांचंही नाव जॉन मिल्सच. गिटार मात्र घरात कुणाकडे नव्हती. ती बर्नार्ड ॲडिसन या जॅझवाल्याने सांभाळली. फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदात वाजवलेला माणूस तो, पण इथे गायकांच्या पुढे येत नाही. मला तो फार आवडतो. पुढे नॉर्मन ब्राऊन आला आणि वर्षानुवर्षं राहिला.

1937 मध्ये या भावांनी जॅझमधला नावाजलेला ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग याच्यासोबत काही गाणी केली. त्यातला ट्रम्पेट आर्मस्ट्राँगचा, म्हणजे खराखुरा पितळी. पुतण्याला ती गाणी मोबाईलवर टाकायला सांगा आणि ‘टायगर रॅग’च्या पाठोपाठ लावा. मोटार बंद झाल्यावर, बांधावर बसून. त्या गाण्यांत खालचा जाड आवाज आला की समजा, तो बापाचा आहे.