महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, आजाराची कारणे शोधण्यासाठी उंदरांवर वर्षानुवर्षे प्रयोग चालले आहेत. रुग्णाच्या घरच्यांना त्याचा काही उपयोग होतो का?

होतो, आणि ज्या घरातला तरुण माणूस महाधमनी फाटून गेला आहे त्या घराला सर्वांत जास्त होतो. मी सोलापुरात हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातल्या ऊतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, त्यामुळे ‘उंदीर मारून काय मिळाले’ हा सूर मला सहन होत नाही.

व्हेरहॉफचा रंग दिला की महाधमनीच्या भिंतीतले इलॅस्टिन हे लवचीक प्रथिन काळे उमटते. निरोगी भिंतीत त्याचे थर आपल्या चादरीच्या ताण्यासारखे एकाला एक लागून अखंड गेलेले दिसतात, तर आजारी भिंतीत ते जागोजागी तुटलेले असतात. हे इलॅस्टिन बहुतांशी जन्माआधी आणि बालपणी तयार होते आणि दिवसाला सुमारे एक लाख ठोक्यांचा ताण त्याला आयुष्यभर झेलावा लागतो. थर तुटलेले आहेत हे मला स्लाइडवर दिसते, पण ते का तुटले हे कळण्यासाठी जिवंत प्राणी लागतो. 1950 च्या दशकात स्वीट पी या वेलीचे बी खाऊ घातलेल्या उंदरांच्या महाधमन्या फाटल्या. पुढे त्यातूनच इलॅस्टिन आणि कोलॅजनचे धागे एकमेकांना बांधणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) महत्त्व उलगडले.

माझा चुलत भाऊ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला होता. उंच, सडपातळ, बोटे लांबसडक आणि शाळेपासून जाड भिंगाचा चष्मा. एका सकाळी त्याच्या छातीतून पाठीत फाडत गेल्यासारखी कळ गेली. ज्या रुग्णालयात नेले तिथे पित्त समजून त्याला इंजेक्शन देऊन झोपवले, सीटी स्कॅन संध्याकाळी झाला आणि पुण्याला नेताना टेंभुर्णीच्या पुढे रुग्णवाहिकेतच तो गेला. थोरले काका म्हणाले, ‘‘तंबाखू आणि रात्रपाळीने नेला त्याला.’’ मी त्यांना सांगितले की एवढ्या तरुण वयात, अशा अंगलटीच्या माणसाची महाधमनी फाटते तेव्हा आधी मार्फन सिंड्रोम या आनुवंशिक आजाराचा विचार करायचा असतो. त्याचे मूळ 15 व्या गुणसूत्रावरील फायब्रिलिन-1 या प्रथिनाच्या जनुकात आहे हे 1991 मध्येच सिद्ध झाले असून, तो दोष आईवडिलांपैकी एकात असला तर प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून त्याच्या मुलाचा आणि सख्ख्या बहिणीचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, असा आग्रह मी धरला. बहिणीसाठी तेव्हा स्थळे पाहणे चालू होते. ‘‘असला कागद घरात आला की सोयरीक होत नाही, आणि तू काही डॉक्टर नाहीस,’’ एवढे बोलून काकांनी विषय बंद केला.

वहिनींनी मात्र कोणालाही न विचारता मुलाला नेले. त्याच्या महाधमनीचे मूळ, म्हणजे हृदयालगतचा तिचा भाग, वयाच्या मानाने रुंद निघाले. आज तो रोज लोसार्टनची गोळी घेतो आणि दरवर्षी त्याचा इको होतो. रक्तदाबाची ही जुनी गोळी या आजारासाठी पुढे आली तीच उंदरांमुळे: जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील हॅल डीट्झ यांच्या गटाने फायब्रिलिनचा तसाच दोष असलेल्या उंदरांना ती दिली आणि त्यांच्या महाधमनीची वाढ निरोगी उंदरांइतकीच राहिल्याचे 2006 मध्ये दाखवले. या प्रयोगांचा उपयोग काय, असे मला विचारणाऱ्याने आधी त्या मुलाचा इको पाहावा.

माणसांत मात्र एवढा चमत्कार घडला नाही, हेही सांगायला हवे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 608 मुलांच्या आणि तरुणांच्या चाचणीत लोसार्टन आणि अ‍ॅटेनोलॉल हे रक्तदाबाचे दुसरे औषध यांच्या परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही. नंतरच्या अभ्यासांत लोसार्टनच्या गटातील औषधांनी महाधमनी रुंदावण्याचा वेग कमी होतो असे दिसले, पण रुंदावणे पूर्ण थांबत नाही. टीजीएफ-बीटा हे संदेशवाहक प्रथिन खरा गुन्हेगार आहे असे एकेकाळी वाटत होते. मग असे दिसले की कोवळ्या वयाच्या उंदरांत ते अडवले तर आजार बिघडतो आणि पुढच्या टप्प्यात अडवले तर फायदा होतो. शिवाय प्रत्येक महाधमनीविकार जनुकातून येत नाही. पोटातल्या महाधमनीच्या फुग्यात धूम्रपानाचा वाटा फार मोठा असतो, त्यामुळे तंबाखू वाईट हे काकांचे म्हणणे खरेच आहे. त्यावरून बहिणीची तपासणी टाळणे मात्र खरे नाही.

तुमच्या घरात असे झाले असेल तर आईवडील, भावंडे आणि मुले या सर्वांचा इको करून घ्या, आणि लग्नाच्या मुलीचा सर्वांत आधी. महाधमनी रुंदावलेली असताना गर्भारपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत ती फाटण्याचा धोका वाढतो. मूळ फार रुंद असेल तर गर्भधारणेपूर्वी शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. लोसार्टन गर्भाला घातक असल्यामुळे हृदयरोगतज्ज्ञांकडून औषधही आधीच बदलून घ्यावे लागते. ज्या कागदाने सोयरीक मोडेल असे काकांना वाटते, तो सासरच्या डॉक्टरांच्या हातात पहिल्या महिन्यापासून असायला हवा.