वॅड, दप्तर आणि 'संकुचित'

विचारणा अशी आहे : 'डूम' या संगणकावरील खेळाच्या वॅड फाइलला, म्हणजे खेळाची चित्रे, आवाज वगैरे एकत्र ठेवणाऱ्या फाइलला, मराठीत 'संकुचित संग्रह' म्हणावे का, आणि वॅड हा शब्द पुल्लिंगी मानावा की स्त्रीलिंगी?

'संकुचित' आधी बाजूला ठेवावे. अनेक फाइली एकीत घातल्या की ती फाइल संकुचित झाली, असे सर्रास लिहिले जाते आणि ते दर वेळी खटकते. बांधणे वेगळे आणि दाबणे, म्हणजे जागा कमी लागावी म्हणून आकार घटवणे, वेगळे. १९९३ साली 'डूम' आला, त्याच्या वॅडमध्ये चित्रे, आवाज आणि नकाशे जसेच्या तसे एकापाठोपाठ ठेवलेले असतात. त्यांतला एक बाइटही दाबलेला नसतो. १९९६ च्या 'क्वेक'मधील पॅक फाइलचेही तेच. १९९९ च्या 'क्वेक ३'ची पीके३ फाइल मात्र नाव बदललेली झिपच आहे आणि तिच्यातला मजकूर सहसा दाबलेला असतो. तेथेही 'दाबलेली' म्हणावे. 'संकुचित' हे विशेषण मराठीत मनोवृत्तीला लागते.

वॅड फाइल उघडून पाहिली, तर पहिल्या चार बाइटांत 'आयवॅड' (खेळाची मूळ फाइल) किंवा 'पीवॅड' (तिला जोडायची फाइल) ही खूण दिसते. पुढच्या चारांत आतल्या घटकांची संख्या आणि त्यापुढच्या चारांत सूची कोठे आहे तो ठिकाणा असतो. सूचीतली प्रत्येक नोंद सोळा बाइटांची : घटक कोठून सुरू होतो, केवढा आहे आणि त्याचे जास्तीत जास्त आठ अक्षरांचे नाव. या घटकाला 'लम्प' म्हणतात, म्हणजे गोळा किंवा ढेकूळ. 'डूम'च्या कर्त्यांपैकी टॉम हॉल यांनी सुचवलेले 'वॅड' हे नाव 'सगळा डेटा कोठे आहे?' या अर्थाच्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे म्हणून सांगितले जाते. मला ते फोडणे मागाहूनचे वाटते. आतल्या वस्तूला गोळा म्हणणारा माणूस बाहेरच्या गठ्ठ्याला गठ्ठाच म्हणणार, आणि इंग्रजीत 'वॅड'चा अर्थ तोच आहे.

आपल्याकडे या गठ्ठ्यासाठी 'दप्तर' हा तयार शब्द असताना 'संग्रह' कशाला? पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद कापडात बांधून ठेवलेले असत आणि त्या बांधणीला 'रुमाल' म्हणत. कागद दाबायचे नाहीत, बांधायचे आणि हवा तो शोधून काढायचा. वॅडचे कामही नेमके हेच. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्याच दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. शाळकरी मुलांच्या पाठीवर असते तेही दप्तरच.

हा शब्द फारसी 'दफ्तर'वरून आला. 'हफ्ता'चा हप्ता झाला तसा 'दफ्तर'चा दप्तर. पण फारसीपाशी थांबणाऱ्यांनी अर्धीच वाट चालली. त्यामागे ग्रीक 'डिफ्थेरा' आहे, म्हणजे कमावलेले कातडे. पपायरस दुर्मिळ असताना आयोनियन ग्रीक लोक शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत आणि म्हणून पुढेही पुस्तकांना 'कातडी'च म्हणत राहिले, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने नोंदवले आहे. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाचे डिप्थीरिया हे नावही याच शब्दावरून पडले, म्हणजे दप्तर आणि डिप्थीरिया ही सख्खी भावंडे ठरतात. काही जण दप्तराचा संबंध प्राचीन इराणी 'दिपि'शी (लेख), म्हणजे अशोकाच्या शाहबाजगढीच्या लेखातील त्याच शब्दाशी, जोडतात. 'दबीर' (लेखनिक) तेथून आला हे मान्य. पण दप्तरातला 'फ्त' त्या वाटेने कसा आला, हे त्यांनी दाखवावे. ग्रीक वाटेने तो आयता मिळतो. आणि दप्तर परके म्हणून 'पुराभिलेख' सुचवणाऱ्यांना एवढेच विचारतो की, काल तयार झालेल्या खेळाच्या फाइलीत 'पुरा' काय आहे?

तेव्हा आयवॅडला मूळ दप्तर म्हणावे. पीवॅडमध्ये त्याच नावाचा लम्प असेल, तर खेळ मूळचा सोडून तो उचलतो, म्हणून पीवॅडला पुरवणी दप्तर म्हणावे. लिंगाचे म्हणाल, तर फाइल स्त्रीलिंगी म्हणून 'ती वॅड'. दप्तर अर्थातच नपुंसकलिंगी.