खासगी नोकरीत कामाच्या धबडग्यात वेळेचे नियोजन कसे करावे? त्यासाठी एखादे चांगले ॲप आहे का?

आपण नागपुरातच एका खासगी कंपनीत आहात, रात्री आठपर्यंत कामे उरकत नाहीत, आणि जो उशिरापर्यंत बसतो तोच कष्टाळू असे आपले वरिष्ठ मानतात, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. यातले शेवटचे वाचले नसते, तर मी हे उत्तर लिहायला बसले नसते. माझी सगळी नोकरी सिव्हिल लाइन्समधील एका सरकारी कार्यालयात गेली, आणि ‘बाई घड्याळाकडे बघून काम करतात’ हे वाक्य मी तिथे पुष्कळदा ऐकले आहे.

माझ्या मते माणसाचा वेळ कामात फारसा जात नाही. तो कागद शोधण्यात आणि एकाच कागदावर पुनःपुन्हा विचार करण्यात जातो. सरकारी दप्तरात यावर सहा गठ्ठ्यांची जुनी पद्धत आहे. पहिल्या गठ्ठ्यात हातावरची प्रकरणे, दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, तिसऱ्यात नियतकालिके म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे, चौथ्यात स्थायी आदेश, पाचव्यात अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि सहाव्यात नष्ट करायचे कागद. बहुतेक जण तपासणी जवळ आली की घाईघाईने लाल रुमाल बांधतात आणि तपासणी संपली की पुन्हा टेबलावर ढीग रचतात. मी मात्र निघण्यापूर्वी रोज कागद आपापल्या गठ्ठ्यात लावूनच उठत असे. यात खरी किंमत दुसऱ्या गठ्ठ्याची आहे. जे काम दुसऱ्याच्या उत्तरावाचून पुढे सरकणारच नाही, ते डोळ्यांसमोरून बाजूला ठेवावे आणि स्मरणपत्राची तारीख त्याच्यावर पेन्सिलीने टाकावी, म्हणजे त्याची काळजी त्या तारखेपर्यंत आपल्याला करावी लागत नाही.

नागपूरकरांना हिवाळी अधिवेशन म्हणजे काय ते सांगायला नको. १९५३च्या नागपूर कराराने ते आपल्या वाट्याला आले आणि त्याबरोबर आमदारांचे तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागणारे, प्रश्नही आले, ज्यांची माहिती नेहमी ‘आजच्या आज’ हवी असते. अशाच एका डिसेंबरात काटोल आणि नरखेड तालुक्यांतील संत्राबागांच्या नुकसानीचा प्रश्न दुपारी आला: प्रस्ताव किती आले, किती निकाली निघाले, उरलेले कशामुळे अडले. काटोलचे टेबल माझ्याकडे होते. मासिक विवरणपत्रे तिसऱ्या गठ्ठ्यात क्रमाने लावलेली होती आणि अडलेली प्रकरणे कारणांसह दुसऱ्यात होती, त्यामुळे दुपारच्या चहाच्या आत माझी माहिती साहेबांच्या टेबलावर गेली. नरखेडचे टेबल ज्यांच्याकडे होते ते सहकारी सकाळचे दोन तास टपरीवर आणि संध्याकाळचे चार तास कार्यालयात काढणारे होते. त्यांची विवरणपत्रे कपाटामागे पडलेल्या एका गोणपाटात रात्री सापडली. तोवर सगळी शाखा थांबली होती, मीही थांबले होते, कारण दोन्ही तालुक्यांचे उत्तर एकत्र जायचे होते.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत साहेबांनी त्या सहकाऱ्यांचे रात्रीपर्यंत थांबल्याबद्दल कौतुक केले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘मॅडम, तुमचे बरे आहे, तुम्ही वेळेवर सुटता.’ तेव्हा मी गप्प राहिले, पण आज लिहिते. २००५चा विलंब प्रतिबंधाचा कायदा असे म्हणतो की नस्ती, म्हणजे फाइल, एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ राहू नये. त्यात कागद किती दिवस थांबला हे मोजले आहे, माणूस किती वाजेपर्यंत बसला हे नव्हे. रोज उशिरा बसणाऱ्याकडे एक तर दोघांचे काम असते किंवा त्याचा दिवस कुठेतरी गळत असतो, आणि वरिष्ठाने यातले काय आहे ते पाहायचे असते. २०२०मध्ये पाच दिवसांचा आठवडा झाला आणि सुटण्याची वेळ सव्वासहावर गेली, तेव्हाही सहाला चहा मागवून काम सुरू करणारे तेच होते.

बाकी सांगण्यासारखे थोडेच आहे. डोके लागणारे काम सकाळी करावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात असतो आणि कूलरचे वारेही उकडलेले येते, अशा दुपारी फार तर नोंदी कराव्यात. फोन आणि बैठका शक्य तितक्या दुपारीच ढकलाव्यात.

हे मात्र मान्य करते की माझी नोकरी सुरक्षित होती आणि आपली तशी नसेल. घरी सासूबाई स्वयंपाक आटोपून ठेवत, हेही नोंदवले पाहिजे. शिवाय आपल्या कंपनीने दोन माणसांचे काम एकट्या आपल्यावर टाकले असेल, तर कोणताही गठ्ठा उपयोगाचा नाही. तशा वेळी हातावरच्या कामांची यादी करून ती वरिष्ठांना ईमेलने पाठवावी आणि यातले आधी कोणते करू, असे विचारावे. तोंडी विचारू नये, तोंडी उत्तर नेहमी ‘सगळेच’ असे येते. मी त्या बैठकीनंतर साहेबांना अशी यादी टिपणी म्हणून सादर केली होती. त्यांनी तिच्यावर फक्त ‘पाहिले’ असा शेरा मारला, पण घड्याळाविषयी मला पुन्हा काही म्हणाले नाहीत.

ॲप कोणतेही घ्या, फक्त त्यात प्रतीक्षाधीन कामांसाठी वेगळा रकाना असावा.