हीटसिंकचा तळ घासावा का?

प्रश्न : सोलापुरात पारा ४० अंशांपुढे गेला की माझा संगणक फार तापतो. हीटसिंकचा (प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाचा) तळ आरशासारखा घासून घेतल्यास उपयोग होईल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी धूळ काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधील बारीक फटी भरणारा उष्णतावाहक लेप) बदलावी, बहुतेकदा तेवढ्यानेच भागते. घासायचेच असेल तर चकाकीपेक्षा सपाटपणा महत्त्वाचा, कारण तांबे हवेपेक्षा हजारो पटींनी चांगली उष्णता वाहून नेते आणि खोलगट तळाखाली नेमकी हवा किंवा पेस्टचा जाड थर अडकतो. जाड, सपाट काचेवर ४०० क्रमांकाचा ओला वॉटर पेपर (पाण्यासह वापरायचा घासकागद) पसरून, भार न देता, तळ अधूनमधून फिरवत घासावा आणि मग ८०० व १००० क्रमांकाचे कागद वापरावेत. कागद हातात धरून घासल्यास कडा गोल होतात. तळावर निकेलचा मुलामा असल्यास तो अर्थातच जाईल. तळाशी उष्णतानलिका (उष्णता वाहून नेणाऱ्या पोकळ नळ्या, हीट पाइप) उघड्या असल्यास मात्र घासूच नये, त्यांच्या भिंती पातळ असतात.