कायोटीसाठी गोळी निवडताना

टेक्सासात कायोटीच्या (लांडग्यासारखं छोटं जनावर) शिकारीसाठी पहिली .223 रायफल घेतलीस, मजा आहे! पण सगळ्यात वेगवान गोळी कोणती, हा शोध आता थांबव. आधी नळीवर काय कोरलंय ते वाच. 1:12 (म्हणजे नळीतल्या पिळदार आट्यांचा 12 इंचांत एक वेढा) असेल तर 55 ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) आसपासच राहा. 1:8 असेल तर 75 ग्रेनपर्यंत जाता येतं. संथ आट्यांच्या नळीतून लांब, जड गोळी डुगडुगत जाते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट फाटतं. माझं तेच झालं होतं. आठवडाभर मी बिचाऱ्या दुर्बिणीला शिव्या घातल्या.

बाकी तीनच गोष्टी:

- पॉलिमर टोकाची, लवकर फुटणारी गोळी घे. पूर्ण कवचाची स्वस्त गोळी बहुतेक वेळा आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं.
- दोन-तीन प्रकारच्या डब्या आण, 100 यार्डांवर पाच-पाच गोळ्या झाड. जिची भोकं एकमेकांना चिकटतील, ती तुझी.
- शून्य (म्हणजे गोळी दुर्बिणीच्या खुणेवर बरोबर लागते ते अंतर) 200 यार्डांवर ठेव. 55 ग्रेनची गोळी 300 वर साधारण सहा-सात इंच खाली येते. ते सांभाळता येतं. खरा घात वारा करतो: ताशी 10 मैलांचा आडवा वारा तिथे तिला जवळपास 10 इंच ढकलतो, आणि कायोटीची छाती जेमतेम वीतभर!

म्हणून पहिला हंगाम 300 च्या आतच. बॅलिस्टिक कोएफिशंट (गोळी हवा किती सहज कापते त्याचा आकडा), घरी काडतुसं भरणं वगैरे नंतर बघू.

आणि हो, एच-1बीवर असशील तर शिकारीचा परवाना आधी काढ. वैध परवान्याशिवाय त्या व्हिसावर बंदूक बाळगणंच सहसा बेकायदा ठरतं.