शिजवल्यावर कडधान्यांतील लोह जाते कुठे?

प्रश्न : एका तक्त्यात १०० ग्रॅम कोरड्या मसुरात ६ ते ७ मिलिग्रॅम लोह दाखवले आहे, तर तेवढ्याच शिजवलेल्या मसुरात जेमतेम ३ मिलिग्रॅम. शिजवताना निम्मे लोह नष्ट होते का? आणि भिजवणाचे पाणी फेकून द्यावे का?

उत्तर : लोह नष्ट होत नाही. लोह, जस्त, कॅल्शियम ही मूलद्रव्ये असल्याने काही जीवनसत्त्वांप्रमाणे ती उष्णतेने मोडत नाहीत. तक्त्यातला फरक मुख्यतः पाण्याचा आहे. १०० ग्रॅम कोरडा मसूर शिजून सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे शिजवलेल्या १०० ग्रॅममध्ये मूळ मसूर निम्म्याहूनही कमी असतो.

खरी घट होते ती क्षार पाण्यात उतरल्यामुळे, आणि तीही सर्वांची सारखी नसते. पोटॅशियम सहज उतरते, मॅग्नेशियम त्याहून कमी, तर लोह आणि कॅल्शियम बरेचसे दाण्यातच राहतात. शिजवलेले पाणी दाण्यांसोबत पोटात गेले, तर ही घटही फारशी उरत नाही. पाणी जड असेल तर उलटाच प्रकार घडतो : त्यातले कॅल्शियम दाण्यातील पेशींना एकत्र धरून ठेवणाऱ्या पेक्टिनशी जोडले जाते, आणि कितीही उकळले तरी बोटांत दाबलेला दाणा मधोमध टणकच लागतो. अशा वेळी सोडा घातल्यास दाणा मऊ पडतो खरा, पण त्यातले थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) नाहक जाते.

माझ्या मते, दाण्यात लोह किती आहे यापेक्षा त्यातले अंगी किती लागते हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कडधान्यांतील फायटिक आम्ल लोह व जस्त यांना बांधून ठेवते आणि साध्या उकळण्याने ते फारसे मोडत नाही. भिजवताना, आणि विशेषतः मोड येताना, दाण्यातले फायटेज हे विकर ते हळूहळू तोडते. मात्र उष्णतेने हे विकर निकामी होत असल्याने त्याचे काम चुलीवर चढवण्यापूर्वीच व्हावे लागते. म्हणून रात्रभर भिजवणे आणि ते पाणी टाकणे हा तोट्याचा व्यवहार नाही. थोडे पोटॅशियम जाते, पण त्याबरोबर काही फायटिक आम्ल आणि पोटात वायू धरणाऱ्या शर्कराही जातात. जेवणात क जीवनसत्त्वाचा एखादा पदार्थ असल्यास लोहाचे शोषण आणखी सुधारते.

राजम्याचे भिजवण मात्र टाकलेच पाहिजे, आणि त्यातील लेक्टिन हे विषारी प्रथिन निष्प्रभ होण्यासाठी राजमा ताज्या पाण्यात किमान १० मिनिटे खळखळून उकळून मग पूर्ण शिजवावा.