मुलीची सही पुरत नाही, आणि कादंबरीतला उपहास काढून टाकता येत नाही

प्रश्न : मी नाशिकचा, नाटकं आणि लघुपट करणारा दिग्दर्शक. १९९८ साली आलेल्या एका मराठी कादंबरीवर सिनेमा करतोय. सिंहस्थाच्या कामांचा एक ठेकेदार स्वतःच गोष्ट सांगतो आणि आडवे येणाऱ्यांना एकेक करून संपवतो. कोणी मेलं की तो एवढंच म्हणतो, ‘त्याला समजावलं.’ पुस्तक आलं तेव्हाही मोर्चे निघाले होते. लेखक २०१४ साली गेले. पत्नी, मुलगा, मुलगी आहेत. मुलीने पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर संमती लिहून दिली, मी तिला एक लाख रुपये दिले. टीझर यूट्यूबवर टाकला आणि दोन नोटिसा आल्या. एक पुण्यात राहणाऱ्या मुलाची, दुसरी प्रकाशकाची : ‘१९९८ च्या करारानुसार सर्व हक्क आमचे.’ निर्माता म्हणतो, उपहास लोकांना कळत नाही, ठेकेदाराला सरळ हीरो करू. सेन्सॉर आणि पोलीस केसचं वेगळंच टेन्शन. काय करू?

उत्तर : तुम्हाला धास्ती सेन्सॉरची आणि मोर्चाची आहे. ते सगळं सिनेमा तयार झाल्यावरचं. आज अडचण अशी आहे की हा सिनेमा करायचा हक्कच तुमच्याकडे नाही. त्यामुळे पहिलं काम आजच करा : टीझर ‘प्रायव्हेट’ करा. डिलीट करू नका. फाइल, अपलोडची तारीख, आलेले मेसेज सगळं जपून ठेवा. साहित्यकृतीवरून चित्रपट बनवणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ खाली मालकाचा हक्क आहे आणि दीड मिनिटाच्या टीझरलाही तो लागू होतो. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. नोटीस हातात पडल्यावरही टीझर चालू ठेवला, तर ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायला जागा उरत नाही.

आता वारसांकडे येऊ. लेखक २०१४ साली गेले म्हणजे कॉपीराइट २०७४ च्या ३१ डिसेंबरपर्यंत जिवंत आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा आणि मुलगी समान वाटेकरी. (लेखकाच्या आई त्या वेळी हयात होत्या का, तेही विचारा. त्या असतील तर चौथा वाटा निघतो आणि त्यांच्या पश्चात तो त्यांच्या वारसांकडे जातो. हे अनेकदा निसटतं.) मुलीची सही तिच्या वाट्यापुरती. एका सहमालकाने बाकीच्यांना न विचारता परवाना द्यावा, हे मुंबई उच्च न्यायालयाला मान्य नाही. म्हणून मृत्युपत्र आहे का ते आधी लेखी विचारा. असेल तर सगळं गणितच बदलेल. कॉपीराइट कुणा एकालाच दिलेला निघू शकतो. नसेल तर तिघांच्याही सह्या हव्यात. लेखकाच्या पत्नीच्या वतीने मुलगी सही करणार असेल तर नोंदवलेलं कुलमुखत्यारपत्र घ्या आणि त्यात ‘चित्रपट हक्क’ हे शब्द आहेत का ते पाहा. मुलीला दिलेला लाख रुपया बुडाला असं समजू नका. नव्या करारात तो आगाऊ रक्कम म्हणून वळता करून घ्या, मात्र त्याची पावती आणि बँकेची नोंद जोडा.

प्रकाशकाच्या नोटिशीला घाबरायचं कारण नाही, पण करार डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उत्तरही द्यायचं नाही. पुस्तकाच्या आतल्या पानावर छापलेलं ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ हे वाक्य म्हणजे करार नव्हे. कलम १९ प्रमाणे हस्तांतर लेखी हवं, त्यावर लेखकाची सही हवी आणि कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी हे त्यात लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर तो लेखकाकडे परत जातो. म्हणजे १९९८ च्या करारात चित्रपटाचा उल्लेख नसेल किंवा उल्लेख असून मुदत नसेल, तर प्रकाशकाचा चित्रपटावरचा दावा टिकणं कठीण. मात्र ‘चित्रपट हक्कांसह, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, वापर न केला तरी’ असं स्पष्ट लिहिलेलं निघालं, तर बोलणी वारसांशी नव्हे, प्रकाशकाशी करावी लागतील. म्हणून उत्तरात पहिलं वाक्य एकच : मूळ कराराची प्रत पाठवा.

नवा करार करताना हीच कलमं तुमच्यावर उलटतात. एका वर्षात सिनेमा होत नाही, म्हणून ‘एक वर्ष वापर न झाल्यास हक्क रद्द होणार नाहीत’ हे स्पष्ट लिहून घ्या. मुदत आणि प्रदेश आकड्यांत आणि शब्दांत घाला. चित्रपटगृह, टीव्ही, ओटीटी, डबिंग, इतर भाषांतला रिमेक ही नावं वेगवेगळी लिहा, कारण करारावेळी अस्तित्वात किंवा व्यावसायिक वापरात नसलेलं माध्यम नाव घेतल्याशिवाय तुमच्याकडे येत नाही. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा वारसांकडून काढून घेणारं कलम घालू नका. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर ते टिकत नाही. पैसे कमी असतील तर आधी अठरा महिन्यांचा ऑप्शन करार (तेवढा काळ हक्क तुमच्यासाठी राखून ठेवणारा) करा : थोडी रक्कम आत्ता, पूर्ण मोबदला शूटिंग सुरू होण्याआधी.

आता निर्मात्याच्या सूचनेबद्दल. माझ्या मते तुमच्या प्रकरणातला सगळ्यात मोठा धोका हाच आहे. कलम ५७ लेखकाला एक खास हक्क देतं. कॉपीराइट विकून टाकला तरी, आपल्या कृतीची नाव किंवा प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड तो थांबवू शकतो आणि लेखकामागे त्याचे वारस थांबवू शकतात. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ कादंबरीवरच्या चित्रपटाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हेच सांगितलं : माध्यम बदलताना लागणारे फेरफार चालतील, कृतीचा विपर्यास चालणार नाही आणि करारात बदलाची मुभा दिली म्हणून हा हक्क संपत नाही. तुमच्या कादंबरीत सतरा खून असोत की सात, आकडा कमी करा, दोन पात्रं एकत्र करा, काळ बदला. हे सगळं माध्यमापुरतं आहे. पण खुन्यावर कोरडे ओढणारी कादंबरी खुन्याची आरती करणारा सिनेमा झाली, तर लेखकाने जे म्हटलं त्याच्या नेमकं उलट त्याच्या नावावर खपवल्यासारखं होईल. पुण्याचा मुलगा उद्या याच मुद्द्यावर मनाई हुकूम मागेल आणि त्याचं म्हणणं खरं असेल. यावर उपाय म्हणून ‘सर्व बदलांना संमती’ असं मोघम कलम पुरेसं नाही. मूळ प्रकरण, पटकथेतला प्रसंग, काय बदललं आणि का, असा तक्ता करा, पानापानावर तिन्ही वारसांच्या सह्या घ्या आणि तो कराराला परिशिष्ट म्हणून जोडा.

सेन्सॉरसाठीही उपहासच तुमचा आधार आहे. १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निरर्थक, टाळता येण्याजोगी, केवळ करमणुकीसाठीची आणि माणसाला बधिर करणारी हिंसा नको म्हटलंय. त्याच तत्त्वांत चित्रपट त्याच्या एकूण परिणामावरून तोलायचा, असंही आहे. अडचण माध्यमाची आहे. पुस्तकात ‘त्याला समजावलं’ या दोन शब्दांत सगळा उपहास आहे, रक्त वाचकाच्या मनात सांडतं. पडद्यावर निवेदकाचा आवाज गेला की फक्त कोयता आणि रक्त उरतं, आणि मंडळासमोर निरर्थक हिंसा उभी राहते. म्हणून तो आवाज ठेवा. उदाहरणार्थ, कांदाचाळीतल्या एखाद्या खुनात कॅमेरा ठेकेदाराच्या गोण्या मोजणाऱ्या बोटांवर राहिला, तर प्रसंग अधिक क्रूर होईल आणि कापायला मात्र त्यात काही सापडणार नाही. तरीही ‘ए’ प्रमाणपत्र गृहीत धरा. निर्मात्याला आजच सांगा की ‘ए’ चित्रपट तसाच टीव्हीवर जात नाही. टीव्हीसाठी वेगळी, कापलेली आवृत्ती करून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. परीक्षण समितीचा निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समिती आणि त्यानंतर थेट उच्च न्यायालय, आदेशापासून तीस दिवसांत. मधलं अपिली न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं. प्रसंगात घोडा किंवा दुसरा प्राणी असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्या; नंतर ती मिळत नाही आणि प्रमाणपत्र तिथेच अडकतं.

पोलीस केसचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ला ‘हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने’ धर्मभावना दुखावणं लागतं आणि न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते. पण एफआयआर मंजुरीशिवाय होऊ शकतो, हे विसरू नका. खऱ्या आखाड्याचं नाव, खरा ध्वज, ओळखू येईल असा हयात महंत किंवा नगरसेवक पटकथेतून काढा. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही पाटी बदनामीच्या खटल्यात फारशी वाचवत नाही. जातिवाचक शिवीचा प्रत्येक संवाद वेगळा काढून वकिलाला दाखवा, कारण ॲट्रॉसिटी कायद्यात अटकपूर्व जामिनाची वाट जवळजवळ बंद आहे. आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी शिवराळ भाषा घातली असेल तर ते पान फाडाच. वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अशा व्यक्तींच्या बाबतीत कसोटी अधिक कडक धरली. एकदा प्रमाणपत्र मिळालं की केवळ दंगलीच्या धाकाने प्रदर्शन रोखता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या रंगराजन आणि २०११ च्या प्रकाश झा निकालांत ते स्पष्ट आहे. ते निकाल तेव्हा कामी येतील.

आत्ता दोन्ही नोटिशींना, दिलेल्या मुदतीत, वेगवेगळं उत्तर जाऊ द्या. कबुली नको, आव्हान नको : टीझर मागे घेतला आहे, कागदपत्रं पाठवावीत, वाटाघाटीची तयारी आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे मुलगा स्वतः राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली नाशिक आणि पुणे दोन्हीकडे कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, असा अर्ज) दाखल करा आणि त्याची प्रत नोंदणीसह स्पीड पोस्टने त्याला पाठवा. कॅव्हेट नव्वद दिवस चालतं, मग नवीन करावं लागतं. तारीख डायरीत लिहून ठेवा. त्या नव्वद दिवसांत नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थी मागा आणि लेखकाच्या पत्नीला तिथे आवर्जून घेऊन या. भावाबहिणींचं भांडण बहुधा पैशापेक्षा मानाचं असतं, आणि वडिलांच्या पुस्तकाचं काय करणार हे तुम्ही तक्ता समोर ठेवून सांगितलंत, तर मुलगा तो वाचेल. तोवर कॅमेरा भाड्याने घेऊ नका आणि कलाकारांना तारखा देऊ नका.